उष्णतेची मात्रा आणि तापमानाचा नकाशा

नागपुराहून वर्धा रस्त्याने बुटीबोरीस येताना वाटेत जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्थेची इमारत लागते. ती पाहिली, की कर्करोगाची गाठ ‘जाळून’ टाकणाऱ्या उपचारांविषयी रुग्णांच्या आप्तेष्टांत जे समज रूढ आहेत, त्यांतील काहींची शहानिशा करणे मला अगत्याचे वाटते. कारण येथे उष्णता हेच औषध असून त्याची मात्रा मोजण्यावर रुग्णाचे हिताहित अवलंबून असते.

उष्णतेने गाठ मरत असेल तर विदर्भाचा वैशाख किंवा घरचा शेक का पुरू नये, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती अशी, की बाहेर पारा ४५ अंशांवर गेला तरी घाम आणि रक्ताभिसरण यांच्या योगे निरोगी शरीर आपले आंतरिक तापमान ३७ अंशांच्या आसपासच राखते, आणि शेकाची ऊब खोल पोचत नाही. उपचारातील उष्णता निराळी. हायपरथर्मियात गाठीचा भाग सुमारे तासभर ४० ते ४३ अंशांवर ठेवतात, जेणेकरून किरणोपचारास ती अधिक बळी पडावी. मुंबईच्या नानावटी रुग्णालयात डॉ. नागराज हुइलगोळ यांनी डोके व मानेच्या कर्करोगावर या जोड-उपचाराची चाचणी केली आहे. अ‍ॅब्लेशनमध्ये मात्र गाठीत घातलेल्या सुईच्या टोकाभोवती ६० अंशांहून अधिक उष्णता निर्माण करून पेशी तत्काळ निकामी करतात. ४३ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे लागणारा वेळ निम्मा होतो, म्हणजे ४३ अंशांना चार तासांत होणारी हानी ४७ अंशांना पाव तासात होते. तेव्हा एका अंशाची गफलतही येथे क्षुल्लक नव्हे.

एमआरआय यंत्रास ही उष्णता ‘दिसते’, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. यंत्रास दिसतात ती पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रे. पाणी तापले की त्याच्या रेणूंमधील बंध सैल होतात, अणुकेंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉनांचे आवरण किंचित घट्ट होते आणि अणुकेंद्राची कंपनसंख्या अंशामागे दहा कोटींत सुमारे एक भाग घटते. हा गुणधर्म हिंडमन यांनी १९६६ साली नोंदवला, आणि १९९५ साली इशिहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून तापमानाचा नकाशा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. दीड टेस्लाच्या यंत्रात सेकंदास सुमारे ६ कोटी ४० लाख कंपने होतात. त्यांतून एका कंपनाहूनही कमी असा फरक हुडकून पडद्यावर रंग उमटतो, हे मला भौतिकशास्त्राचे एक थोर सेवाकार्य वाटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एमआरआयच्या याच देखरेखीखाली ध्वनिलहरींनी ऊती तापवण्याच्या उपचारास २००४ साली गर्भाशयातील फायब्रॉइडसाठी आणि २०१२ साली हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनांसाठी मान्यता दिली.

तथापि हा नकाशा अचूकच असतो, असे मानणे गैर होय. तो आरंभापासून झालेला फरक तेवढा सांगतो, म्हणून आरंभीचे तापमान स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. चरबीत हा गुणधर्म नसल्यामुळे तेथे तो फसतो. आणि श्वासाबरोबर यकृत हलले तरी हिशेब चुकतो.

सोनोग्राफीत सुईभोवती दिसणारा पांढरा ढग म्हणजे उष्णतेची सीमा, हाही असाच भ्रम. तो ढग वायूच्या बुडबुड्यांचा असतो. सुईतील संवेदक आपल्या जागेपुरतेच तापमान कळवतो, जसे बुटीबोरीच्या कारखान्यातील भट्टीत बसवलेले थर्मोकपल एकाच कोपऱ्याची खबर देते. गाठीलगत मोठी रक्तवाहिनी असेल तर वाहते रक्त उष्णता वाहून नेते आणि त्या कडेच्या पेशी बचावण्याची भीती राहते.

यावर ‘मग अधिक तापवा’ असा आग्रह धरणेही घातक. १०० अंशांपलीकडे ऊतींतील पाण्याची वाफ होते, सुईभोवती कोळसा धरतो, उष्णता निर्माण करणारा विद्युत्प्रवाह अडतो आणि उष्णता पुढे पसरतच नाही. शिवाय शेजारचे आतडे वा मज्जातंतू भाजण्याचा धोका असतो.

शेवटी, नकाशातील लाल रंग म्हणजे गाठ मेल्याचा दाखला नव्हे. उष्णता कोठे किती पोचली, एवढीच ती नोंद; गाठीत जिवंत भाग उरला आहे काय, याची खातरजमा पुढील आठवड्यांत आणि महिन्यांत शिरेतून औषध देऊन काढलेल्या सीटी वा एमआरआय तपासणीनेच होते, आणि प्रकृती सुधारली म्हणून त्या तारखा चुकवू नयेत.