सुट्टीवरच्या खलाशाची सायकल

कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांनी आरमारासाठी जहाजे बांधली. त्याच कल्याण-डोंबिवलीतून आणि ठाण्यातून आजही तरुण व्यापारी जहाजांवर नोकरीला जातात. बोटीवर पाळीची कामे, अर्धवट झोप आणि फिरायला डेकपुरतीच जागा. त्यातून वजन, रक्तदाब वाढू शकतो. खलाशाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त २ वर्षे चालते. तपासणीत अपात्र ठरल्यास नोकरीच अडते.

सुट्टीत सायकल हा आनंदाचा आणि सोपा उपाय. शरीराचा बराचसा भार सीटवर असल्याने गुडघ्यांना ताण कमी, हृदयाला मात्र पुरेसा व्यायाम. आठवड्यातून ५ दिवस अर्धा तास, म्हणजे १५० मिनिटे, पुरेशी आहेत. बोलता येईल, पण गाता येणार नाही, एवढा वेग ठेवावा. पहिल्याच रविवारी मित्रांच्या नादाने येऊरचा चढ चढू नये. आधी काही आठवडे सपाट रस्ता बरा. चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब, साखर तपासून घ्यावी. छातीत दाब किंवा घेरी जाणवल्यास लगेच उतरावे आणि कुणाला तरी सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. येथे रुग्णालय जवळ आहे; भर समुद्रात ते कित्येक दिवस दूर असते.