‘ब्रेक फेल’च्या आधी काय घडते?

घाटातल्या अपघाताची बातमी बहुधा एकाच कारणाने सुरू होते आणि तिथेच संपते: ट्रकचे ब्रेक फेल झाले. चालक तेच सांगतो, बघेही तेच सांगतात. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका मालवाहू गाडीमुळे 48 वाहनांचे नुकसान झाले, तेव्हाही आधी हेच ऐकू आले. प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी सांगितले.

इंजिन बंद आणि ब्रेक यांचा संबंध काय? ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. पॅडल दाबले की टाकीतली थोडी हवा खर्च होते आणि ती भरून काढणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे नवी हवा बंद, शिवाय पॉवर स्टिअरिंगही जड. इंजिन चालू ठेवून गाडी नुसती न्यूट्रलवर टाकली, तर हवा भरत राहते, पण गिअरमधले इंजिन गाडीला मागे खेचून धरते ती मदत जाते. इंजिनच्या धुराची वाट अडवून गाडीला आवर घालणारा एक्झॉस्ट ब्रेकही मग निरुपयोगी. सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. तिथे सारखा ब्रेक दाबत आले की ड्रम तापतात, लायनरचा जळका वास येतो आणि त्याची पकड सुटत जाते. पॅडल जागेवर, टाकीत हवाही आहे, पण गाडी थांबत नाही. आणि गंमत अशी, की ड्रम थंड झाल्यावर हेच ब्रेक तपासणीत ठीकठाक निघू शकतात!

मग न्यूट्रल कशासाठी? डिझेल वाचवण्यासाठी. ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते, कारण ती कष्टाळू माणसाची आहे. पुष्कळ ठिकाणी ट्रिपचे डिझेल ठरवून दिलेले असते; वाचेल ते ड्रायव्हरचे. जुन्या इंजिनांत थोडेफार वाचतही असेल. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की डिझेलचा पुरवठा तोडला जातो. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतेच. म्हणजे उतारावर वाचवायला जावे, तर उलट जास्त जळते. ज्या गिअरने चढ चढतो त्याच गिअरने, किंवा त्याहून खालच्या, उतरायचे हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही बरोबर आहे.

‘हे ट्रकवाले सगळे दारू पिऊन चालवतात’ हे मत गाडीत बसल्या बसल्या सहज दिले जाते. केंद्र सरकारच्या 2022 च्या अहवालात सर्व वाहनांचे मिळून सुमारे 70 टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. दारू वा अमली पदार्थांचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी. झोपेला आणि थकव्याला त्या तक्त्यात रकानाच नाही. मोटार परिवहन कामगारांसाठीचा 1961 चा कायदा दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगत होता; तो 2025 पर्यंत लागू होता. महामार्गावरच्या कुठल्याही ढाब्यावर दोन ड्रायव्हरांना विचारून पाहा, हा कायदा किती जणांना माहीत होता ते.

ओव्हरलोडिंगने फक्त रस्ते खराब होतात, असेही नाही. 2018 मध्ये दोन अॅक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टनांवर नेली. त्यावरचा प्रत्येक जादा टन उतारावर ब्रेकनाच अडवावा लागतो. 2019 पासून दंड 20 हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

आणि अपघात वळणावरच होतात म्हणावे, तर केंद्राच्या त्याच अहवालानुसार सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झाले. सरळ रस्त्याच्या कडेला रात्री बंद पडलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा: मागचे दिवे चिखलाने माखलेले, रिफ्लेक्टरची पट्टी निघालेली, मागचा आडवा लोखंडी बार वाकलेला किंवा नाहीच. अशा ट्रकवर मागून आदळलेली कार बॉनेटसकट खाली शिरते. तिथे एअरबॅगही फारशी कामाची नाही.

घाट उतरताना ट्रक पुढे मोकळी जागा ठेवून हळू चालला असेल, तर ती जागा त्याला थांबण्यासाठी हवी आहे. तिथे आपली गाडी घुसवू नका. चाकांतून धूर दिसला किंवा जळका वास आला, तर त्याच्या पुढून लगेच बाजूला व्हा.