पाण्याखाली भरलेली मंत्रिमंडळाची बैठक

घरातली वडीलधारी माणसे सांगतात ते मुले विसरतात, पण ती वागतात ते मात्र लक्षात ठेवतात. जनता आणि नेते यांचेही तसेच आहे. हवामान बदलाच्या बाबतीत मालदीवकडे पाहिले की हे चटकन पटते.

या मुस्लिम देशाची बहुतेक बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम एक मीटर उंच आहेत. १९८७ मध्ये राजधानी मालेत प्रचंड लाटा शिरल्या. त्याच वर्षी अध्यक्ष मौमून अब्दुल गय्यूम यांनी हे संकट संयुक्त राष्ट्रांपुढे मांडले. पुढे समुद्रातली वाळू उपसून हुलहुमाले हे उंच बेट उभारले गेले.

नंतरचे अध्यक्ष मुहम्मद नशीद १७ ऑक्टोबर २००९ रोजी मंत्र्यांसह पाणबुड्यांचा पोशाख घालून समुद्रात उतरले. तिथेच बैठक भरली आणि जगाने कार्बन वायू कमी करावा, या निवेदनावर सह्या झाल्या. ते छायाचित्र जगभर पोहोचले. पुढच्या वर्षी सौर पॅनेल बसवायला ते स्वतः निवासस्थानाच्या छतावर चढले.

पण दहा वर्षांत देश कार्बनमुक्त करण्याचे त्यांचे वचन पुरे झाले नाही. २०१२ मध्ये त्यांनी पद सोडले. आजही तिथली बहुतेक वीज डिझेलवरच तयार होते. नेत्याची एक कृती लोकांना जागे करते. सवय बदलायची तर योजना आणि पैसा त्याच्यानंतरही टिकावा लागतो.

उलट उदाहरण अमेरिकेचे. २००८ मध्ये डेमोक्रॅट नॅन्सी पेलोसी आणि रिपब्लिकन न्यूट गिंग्रिच एकाच सोफ्यावर बसून हवामानासाठी जाहिरात करत होते. २०११ मध्ये गिंग्रिच यांनी ती आपली चूक ठरवली. पुढे दोन्ही पक्षांच्या मतदारांतली दरी रुंदावत गेली. नेत्यांनी विज्ञानाला पक्षाचा रंग दिला की सामान्य माणूसही उन्हाची झळ पक्षाच्या चष्म्यातून पाहू लागतो.

आपल्या मोहल्ल्यात उमेदवार मते मागायला येतो तेव्हा आपण गटार, रस्ता, रेशनकार्ड याबद्दल विचारतो. ते विचारलेच पाहिजे. त्यासोबत पत्र्याच्या घरात उन्हाळा कसा काढायचा, नाल्याकाठच्या वस्तीचे पावसाळ्यात काय, हेही विचारू या. आपण विचारले नाही तर तो बोलणार नाही.

आणि वजू करताना नळ वाहता सोडणे हा इसराफच आहे. तो थांबवायला कोणत्याही नेत्याची वाट पाहायला नको. आपली मुले आपल्याकडेच पाहत आहेत.