सिंगापूर–न्यूयॉर्क : एका दमात

अंतर : सुमारे १५,३०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो थेट उत्तर ध्रुवाजवळून जातो. विमान मात्र वाऱ्याची साथ पाहून वाट निवडते. न्यूयॉर्ककडे जाताना अनेकदा पॅसिफिकवरून, पाठीशी वारा घेऊन. म्हणून उडालेले अंतर नकाशातल्यापेक्षा जास्त भरते.

वेळ : साडेअठरा तासांहून अधिक.

सेवा : सिंगापूर एअरलाइन्सने २००४ मध्ये चार इंजिनांच्या एअरबस ए३४०-५०० ने सुरू केली. २०१३ मध्ये बंद. २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या, कमी इंधन खाणाऱ्या ए३५०-९०० यूएलआरने पुन्हा सुरू. आसने फक्त १६१. साधा इकॉनॉमी वर्ग नाही.

घड्याळ : फरक हिवाळ्यात १३ तास, उन्हाळ्यात नेमका १२. तेव्हा मनगटावरचे काटे हलवावेच लागत नाहीत. फक्त सकाळचे सात रात्रीचे सात होतात.