विश्लेषण : समुद्रात गॅरेज नसते! शिडाच्या नौकेची दुरुस्ती इतकी अवघड का असते?

भारतीय नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्यातून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २९ मे २०२५ रोजी परतल्या. जवळपास आठ महिन्यांच्या या प्रवासात फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाऊन ही बंदरे लागली. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाईपर्यंत मात्र मदतीला कोणी नव्हते. वाटेत काही मोडले तर ते या दोघींनाच जोडायचे होते. अशा नौकांची दुरुस्ती कशी होते, ती अवघड का असते आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्याशी तिचा काय संबंध, याचा हा आढावा.

शिडाची नौका नेमकी कुठे मोडते?

इंजिनाच्या बोटीत मुख्य ताण इंजिन आणि पंख्यावर येतो. शिडाच्या नौकेत तो संपूर्ण सांगाड्यावर येतो. वर डोलकाठी, खाली कील म्हणजे नौकेच्या तळाशी बसवलेला वजनदार पंखा आणि डोलकाठीला चारही बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा, अशी ही रचना असते. वारा शिडाला एका बाजूला ढकलतो, कीलचे वजन नौकेला पुन्हा उभे करते आणि या दोघांमधली ओढाताण मधल्या सांगाड्याला सोसावी लागते.

नौदलाच्या ‘म्हादेई’चे उदाहरण घेऊ. लांबी ५६ फूट आणि डोलकाठी सुमारे २५ मीटर, म्हणजे साधारण आठ मजली इमारतीएवढी. एवढ्या उंचीवरचा वाऱ्याचा जोर तारांमधून खाली येतो आणि काही मोजक्या पोलादी पट्ट्यांवर एकवटतो. या पट्ट्यांना चेनप्लेट म्हणतात. त्यातली एक तुटली तरी डोलकाठी आडवी होऊ शकते. म्हणूनच नौकेची पाहणी करताना रंग किंवा पॉलिशकडे नंतर पाहिले जाते. आधी पाहिले जातात ते ताण एका भागातून दुसऱ्या भागात जातो ते सांधे.

गोदीत काम सुरू कसे होते?

नौका पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभी केली जाते. तळाला चिकटलेले शेवाळ आणि शंखशिंपले खरवडले की पाहणी सुरू होते. आजही सर्वांत विश्वासाचे साधन म्हणजे लहान हातोडा. फायबरच्या पृष्ठभागावर हलकेच ठोकत गेले की चांगल्या जागी टणक आवाज येतो. आतले थर सुटले असतील किंवा लाकूड कुजले असेल तर आवाज बसका येतो. बाजारात कलिंगड ठोकून घेणाऱ्याला हे तंत्र नव्याने शिकवावे लागणार नाही. सोबत ओलावा मोजण्याचे यंत्रही वापरतात. शंकास्पद जागा खडूने आखून घेतात.

जुन्या फायबरच्या नौकांच्या तळाला कधी कधी फोड येतात. थरांमध्ये झिरपलेले पाणी रेझिनमधल्या घटकांशी मिसळते आणि आतला दाब वाढतो. असा फोड फोडला की व्हिनेगरसारखा वास येणारा द्रव बाहेर येतो. त्यावर नुसता रंग मारून भागत नाही. खराब थर घासून काढावा लागतो, धुवावा लागतो आणि सांगाडा पूर्ण सुकू द्यावा लागतो. यात आठवडे, कधी महिनेही जातात. घाईने ओल्या पृष्ठभागावर नवा थर चढवला तर ओल आत कोंडली जाते आणि दुखणे परत येते.

मुठीएवढ्या भोकाला परातीएवढे ठिगळ का?

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंचे कापड आणि त्यात मुरवलेले रेझिन. पाण्याच्या टाक्यांपासून गाड्यांच्या भागांपर्यंत अनेक वस्तू यापासून बनतात. टाकीला तडा गेला तर वरून तुकडा चिकटवून काम चालते. नौकेत तसे चालत नाही, कारण तिथे केवळ पाणी अडवायचे नसते, तुटलेल्या तंतूंमधून जाणारा ताणही पुन्हा जोडायचा असतो.

त्यासाठी भोकाच्या कडा उतरत्या घासतात. इपॉक्सीच्या कामात साधारण एकास बारा हे प्रमाण पाळतात. सांगाडा १ सेंटिमीटर जाड असेल तर कडेपासून १२ सेंटिमीटरपर्यंत उतार हवा. म्हणजे १० सेंटिमीटरच्या भोकाचे दुरुस्तीला घेतल्यावर ३४ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ होते. उतार जितका लांब, तितकी नव्या-जुन्या थरांना एकमेकांना धरायला जागा जास्त. कडा उभ्या ठेवून भोक भरले तर बाहेरून काम सुबक दिसते, पण पहिल्या मोठ्या लाटेला ते ठिगळ बुचासारखे निघून येऊ शकते.

हवामानाचाही प्रश्न असतो. कोकण-गोव्याच्या दमट हवेत काही इपॉक्सींवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुवून काढल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही. रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण अंदाजाने घेतले तरी ते कधी कधी वरून कडक होते, मात्र त्याला ठरलेली ताकद येत नाही. या कामात वजनकाटा आणि घड्याळ ही ब्रशइतकीच महत्त्वाची हत्यारे आहेत.

स्टेनलेस स्टीलही गंजते?

गंजते, आणि तेही जिथे दिसत नाही तिथे. स्टेनलेस स्टीलवर ऑक्सिजनमुळे एक पातळ संरक्षक थर तयार होतो. मात्र बोल्ट लाकडात किंवा फायबरमध्ये दडलेला असेल आणि भोवती खारे पाणी साचून राहिले असेल, तर तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही. संरक्षक थर नाहीसा होतो आणि अरुंद फटीत गंज आतल्या आत खोलवर जातो. बाहेरचे डोके चकचकीत दिसते आणि आतला दांडा निम्मा खाल्लेला असतो.

म्हणून कीलचे बोल्ट आणि चेनप्लेट तपासताना वरून पाहून समाधान मानत नाहीत. संशय आला की भाग उघडून बाहेर काढावा लागतो. इथेच कामाचा खर्च आणि वेळ वाढतो. एका बोल्टपर्यंत पोहोचण्यासाठी आतले फर्निचर, पाण्याची टाकी, कधी फरशीही उचकटावी लागते. गोदीतल्या कामाचा मोठा भाग ‘दुरुस्ती’चा नसून ‘दुरुस्तीपर्यंत पोहोचण्या’चा असतो.

दुरुस्ती चुकली तर काय होते?

मे २०१४ मध्ये ‘चिकी राफिकी’ ही ४० फुटी ब्रिटिश नौका अँटिग्वाहून इंग्लंडला परतत होती. अटलांटिक महासागरात तिची कील निखळली, नौका उलटली आणि चारही खलाशांचा मृत्यू झाला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेने अहवालात जी शक्यता मांडली ती सर्वच नौकामालकांना विचार करायला लावणारी होती. नौका पूर्वी अनेकदा तळाला घासली होती. ते धक्के आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामाने सांगाडा आणि त्याला आतून बळकटी देणारी चौकट यांमधली पकड कमकुवत झाली असावी.

म्हणजे दुरुस्ती झाली होती, पण आतले नुकसान तिच्या नजरेतून सुटले असावे. काय तुटले याबरोबरच ते का तुटले आणि त्या धक्क्याने आणखी कुठे इजा झाली, हे शोधल्याशिवाय काम संपत नाही.

‘म्हादेई’ने काय शिकवले?

भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते साताऱ्यात फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहत होते. तेही समुद्रापासून दूरच. मोहिमेसाठी नौका बांधण्याचे काम गोव्यातील दिवाडी बेटावरच्या अॅक्वेरियस शिपयार्डला मिळाले. रत्नाकर दांडेकर यांच्या या गोदीने तोवर अशी नौका बांधलेली नव्हती. आराखडा नेदरलँड्सच्या व्हॅन डी श्टाट कंपनीचा होता. रेड सीडर लाकडाच्या पट्ट्या आणि त्यावर फायबर, असे तिचे बांधकाम. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली.

ती नेणारे कमांडर दिलीप दोंदे बांधकामाच्या काळात गोदीशी सतत जोडलेले होते. कोणती वायर कुठून जाते, कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे, कोणत्या फळीखाली कोणता बोल्ट आहे, हे नौका बांधली जाताना पाहिलेल्या माणसाला रात्री वादळातही सापडते. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून, चार बंदरांत थांबत, १९ मे २०१० रोजी ते परतले आणि अशी प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. त्याच गोदीत बांधलेली ‘तारिणी’ फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात आली. तिच्या २०१७-१८ च्या पहिल्या प्रदक्षिणेत शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात अनियोजित थांबा घ्यावा लागला. सहा महिला अधिकाऱ्यांचे पथक त्यानंतर २१ मे २०१८ रोजी गोव्यात पोहोचले.

भर समुद्रात दुरुस्ती होते का?

होते, आणि त्याच्या सर्वांत गाजलेल्या उदाहरणाचे धागे महाराष्ट्राशी जुळतात. १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. अटलांटिकमध्ये तिच्या तळाच्या फळ्यांमधून पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरले, फटीत कापूस ठासला, त्यावर कॅनव्हासची पट्टी खिळ्यांनी बसवली आणि ती तांब्याच्या पत्र्याने झाकली. ३१२ दिवसांनी नौका इंग्लंडला परतली.

लाकडी नौकांच्या फटी कापसाने भरण्याची पद्धत जुनी आहे. कापूस भिजून फुगतो, फळ्याही फुगतात आणि सांधा आवळला जातो. कापसाच्या व्यापारासाठी १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वेमार्ग मिळालेल्या जिल्ह्याला कापसाचा हा उपयोग सहसा माहीत नसतो.

अर्थात प्रत्येक वेळी जुगाड पुरेसा ठरत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत टॉमी यांची ‘थुरिया’ हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात उलटली. डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने त्यांची सुटका केली. पुढच्या शर्यतीत ते पुन्हा उतरले. वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूचे पाते तुटले तेव्हा त्यांनी शौचालयाचे दार कापून नवे पाते बनवले. २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी, ते दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले.

बुलढाणा जिल्ह्याला याचा उपयोग काय?

जिल्ह्यात खडकपूर्णा, पेनटाकळी, नळगंगा यांसारखे जलाशय आहेत. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी पुराचा तडाखा अनुभवला. मासेमारी असो वा पुरातली सुटका, जिथे फायबरची बोट वापरात आहे तिथे गोदीतले नियम जसेच्या तसे लागू होतात.

पावसाळ्यापूर्वी बोट उलटी करून तळ सुकवावा आणि हातोड्याने ठोकून पाहावा. बसका आवाज आला तर ती जागा खूण करून उघडावी. बोट पूर्वीपेक्षा जड वाटत असेल तर आत पाणी मुरले असण्याची शक्यता धरावी. तडा गेला असेल तर कडा उतरत्या घासूनच थर चढवावेत, वरून लांबी आणि रंग लावून तो झाकू नये. इंजिन बसवण्याच्या फळीचे आणि दोर बांधण्याच्या कड्यांचे बोल्ट दरवर्षी किमान एकदा काढून पाहावेत. आणि बोट दुरुस्त होत असताना ती चालवणाऱ्याने तिथे हजर राहावे, कारण पुराच्या पाण्यात तिच्याजवळ असणारा एकमेव मिस्त्री तोच असतो.