निबंध अडतो तो नेमका कुठे? ऑटिझम, इंग्रजी आणि परीक्षेतलं लेखन

आजचा विषय आहे ऑटिझम आणि लेखन. लेखन म्हणजे शाळा-कॉलेजात जे करावंच लागतं ते: निबंध, पत्र, सारांश आणि इंग्रजीच्या पेपरातले ‘तुमचं मत लिहा’ छापाचे प्रश्न. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. शब्द रूढ आहे, पण त्यावरून वाटतं की या माणसाला बाहेरच्या जगाशी काही देणंघेणंच नाही. तसं नसतं, म्हणून मी आज ऑटिझम हाच शब्द वापरणार आहे.

पालकांची आणि शिक्षकांची एक तक्रार तुम्ही ऐकली असेल. मुलगा गणितात चांगला, विज्ञानात चांगला, रेल्वेवर बोलायला लागला की थांबत नाही. आणि निबंध म्हटला की दोन ओळी! मग आपण ठरवून टाकतो: आळशी आहे, नाहीतर भाषेत कच्चा आहे. माझं म्हणणं असं की हा निकाल आपण फार घाईने देतो. निबंधाच्या प्रश्नात जेवढं छापलेलं असतं, त्याहून कितीतरी जास्त न छापलेलं असतं. बाकीची मुलं ते न छापलेलं ऐकून-पाहून उचलतात. ऑटिस्टिक मुलाला बहुतेकदा ते उघड सांगावं लागतं, आणि आपण ते सांगत नाही. हे न छापलेलं म्हणजे काय, ते एकेक करून बघू.

शब्दाचा अर्थ आणि प्रश्नाचा अर्थ

१९४३ साली लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञाने ११ मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला. ऑटिझमच्या अभ्यासातला तो पायाचा लेख मानला जातो. त्यातल्या एका मुलाचे वडील घरातल्या ‘भिंतीवरच्या’ चित्रांबद्दल काही बोलले, तर मुलाने दुरुस्ती केली: चित्रं भिंतीवर नाहीत, भिंतीजवळ आहेत. इंग्रजीतल्या ‘ऑन’चा त्याच्यापुरता अर्थ होता, एखाद्या गोष्टीच्या माथ्यावर. आता आपल्या मराठीत बघा. ‘भिंतीवर मांजर बसलंय’ आणि ‘भिंतीवर चित्र लावलंय’. दोन्हीकडे ‘वर’च, पण मांजर भिंतीच्या माथ्यावर आहे आणि चित्र अंगाला. त्या मुलाची शंका चुकीची म्हणता येत नाही. आपण सगळे अंदाजाने पुढे जातो, तो थांबला, एवढंच.

हाच मुलगा परीक्षेला बसला असं समजा. प्रश्न आहे, ‘मोबाइलमुळे मुलांचं नुकसान होतं असं तुम्हाला वाटतं का?’ तो लिहितो, ‘हो.’ विचारलं त्याचं उत्तर दिलं! प्रश्नाखाली दहा ओळी रिकाम्या आहेत, म्हणजे दहा ओळी लिहायच्या, कारणं द्यायची, एखादं उदाहरण द्यायचं, दुसरी बाजूही सांगायची, यातलं काहीही छापलेलं नाही. ‘चर्चा करा’ म्हटलंय, पण कुणाशी? ‘थोडक्यात लिहा’ म्हणजे किती थोडक्यात?

इंग्रजीत यावर आणखी एक थर चढतो. मराठीतलं ‘डोकं खाऊ नकोस’ त्याने आजीच्या तोंडून शंभर वेळा ऐकलेलं असतं. ती कधी म्हणते, त्या वेळी तिचा चेहरा कसा असतो, हे सगळं त्या शब्दांबरोबर आलेलं असतं. इंग्रजी वाक्प्रचार मात्र आपल्याकडच्या बहुतेक मुलांना धड्याखालच्या यादीत भेटतो. तिथे प्रसंग नाही, आवाज नाही, चेहरा नाही. जो शब्दशः अर्थापाशी थांबतो, त्याला पुढे जायला काही धागाच मिळत नाही.

पण याची दुसरी बाजू नीट ऐका. इंग्रजीचा जो भाग नियमाने चालतो, म्हणजे काळ बदला, प्रयोग बदला, स्पेलिंग, तिथे यातली काही मुलं वर्गात पुढे असतात. काही तर तीन-चार वर्षांची असतानाच अस्खलित वाचतात. याला हायपरलेक्सिया म्हणतात. फक्त वाचता येतं तेवढं समजतंच असं नाही. त्यामुळे एकाच पेपरात व्याकरणाला पैकीच्या पैकी आणि निबंधाला जेमतेम दोन गुण, असं होऊ शकतं. मग शिक्षक म्हणतात, ‘येतं सगळं, लिहायला नको.’ हा आरोप फार खोल लागतो, कारण मुलगा खरोखरच प्रयत्न करत असतो.

जाता जाता एक सांगते. अशा मुलाशी घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी, असा सल्ला काही कुटुंबांना मिळतो. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचा भाषाविकास मागे पडतो, असं आजवरच्या अभ्यासांतून दिसलेलं नाही. उलट घरातली भाषा सोडली की आजी-आजोबांशी बोलणं तुटतं, आणि निबंधात लिहायचे अनुभवही त्याच बोलण्यातून येत असतात.

वाचणारा कोण?

निबंध म्हणजे एक विचित्र संभाषण आहे. परीक्षकाला उत्तर माहीत असतं. तरी त्याला माहीत नाही असं धरून आपण सगळं पहिल्यापासून सांगायचं. मुलगा म्हणतो, ‘सरांना माहीतच आहे की, मग कशाला लिहू?’ यावर आपण हसतो, पण तर्क म्हणून हे बिनचूक आहे.

१९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि ऊटा फ्रिथ यांनी बाहुल्यांचा एक प्रयोग केला. एक बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, तोवर दुसरी ती गोटी डब्यात हलवते. पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी गोटी आता आहे ती जागा दाखवली. यावरून असं मांडलं गेलं की समोरच्याला काय माहीत आहे आणि काय नाही, याचा अंदाज घेणं या मुलांना जड जातं. लेखनात तर समोरचा माणूस दिसतसुद्धा नाही.

यावर पुढे बरीच टीका झाली. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक. त्यांनी २०१२ साली मांडलं की ही अडचण दुहेरी आहे: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन ओळखणं जड जातं, तसंच इतरांनाही त्याचं मन ओळखता येत नाही. पेपर तपासताना हे लक्षात ठेवायला हवं. ‘हो’ या एका शब्दाच्या उत्तरामागे विचार नव्हता, हा परीक्षकाचाही अंदाजच असतो.

काय ठेवायचं, काय गाळायचं

विषय ‘पावसाळा’. मुलाला पर्जन्यमापक आवडतो. तो पर्जन्यमापकाचा व्यास, मिलिमीटर म्हणजे काय, नोंद कशी घेतात, यावर तीन पानं लिहितो. मातीचा वास नाही, भजी नाहीत, शेतकरी आनंदला नाही. (हशा) गुण किती मिळतील, तुम्हीच सांगा. ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण फार खोल जातं, असा एक सिद्धांत आहे. त्याला मोनोट्रोपिझम म्हणतात. निबंधाला लागतं नेमकं उलटं: अनेक गोष्टी, प्रत्येक थोडी थोडी.

आणि विषय फार मोकळा असला तर सुरुवातच होत नाही. ‘माझा आवडता छंद’ लिहायला शंभर वाटा आहेत, त्यातली पहिली कोणती धरायची? डोक्यात भरपूर असतं, पण त्याचा क्रम लावणं, वेळ सांभाळणं आणि त्याच वेळी हाताने अक्षर काढणं, ही तीन कामं एकदम येतात. पुष्कळ ऑटिस्टिक मुलांना हाताने लिहिणंच कष्टाचं असतं.

यात एक विसंगती आहे. गाइडमधला पाठ केलेला निबंध चांगले गुण आणतो. पाठांतर चांगलं असलेल्या ऑटिस्टिक मुलाला ही वाट सापडली की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण त्यातून तो हेच शिकतो की त्याने स्वतः विचार करून लिहिलं ते चुकीचं आणि दुसऱ्याचं उतरवलं ते बरोबर.

मग करायचं काय?

न छापलेलं छापायचं. ‘हो की नाही ते एका वाक्यात लिही. मग तीन कारणं, प्रत्येकाला दोन वाक्यं आणि एक उदाहरण. शेवटी वेगळं मत असणारा माणूस काय म्हणेल, ते लिही.’ एवढं सांगितलं की ‘हो’ची दहा वाक्यं होतात. वाचणारा ठरवून द्या: ‘ज्याने पर्जन्यमापक कधी पाहिला नाही अशा चुलतभावाला सांग.’ आधी बोलू द्या, ते बोलणं टिपून ठेवा आणि मग त्याचा क्रम लावा. चांगला लिहिलेला एक नमुना समोर ठेवून त्यात कुठल्या वाक्याने काय काम केलं, ते दाखवा. टंकलेखन येत असेल तर करू द्या. आणि आवडीचा विषय बंद करू नका; पर्जन्यमापकावरून पाऊस, पावसावरून शेत, असा रस्ता त्याच्या आवडीतूनच काढा. टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक प्राणिशास्त्रज्ञ. जनावरांच्या वागण्याची त्यांना असलेली ओढ हाच त्यांच्या लेखनाचा मोठा विषय झाला.

कायद्याचाही आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. त्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा बदलांचा उल्लेख आहे. या सवलती जरूर घ्या, पण कुठली सवलत कुठल्या अडचणीवर लागू पडते ते बघून घ्या. लेखनिकाने हाताचा त्रास वाचतो. काय लिहायचं हा प्रश्न तसाच राहतो, वर शेजारी अनोळखी माणूस येऊन बसतो. म्हणून लेखनिकाबरोबर आधी सराव झाला पाहिजे. जादा वेळ उपयोगी पडतो तो सुरुवात झाल्यावर. आणि भाषेतून सूट हा सगळ्यात मोठा निर्णय. काही मुलांसाठी ती खरी सुटका असते, रोजची रडारड थांबते. पण व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलाला केवळ निबंधापायी इंग्रजी सोडायला लावली, तर पुढच्या शिक्षणाच्या काही वाटा त्याच्यासाठी अवघड होतात. म्हणून आधी पेपर उघडून बघा, गुण नेमके कुठे गेलेत. आणि मुलाला विचारा. हे विचारायचं बऱ्याचदा राहून जातं.

प्रत्येक ऑटिस्टिक माणसाला लेखन जड जातं असं अजिबात नाही. बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं वाटणारेही अनेक आहेत, कारण लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नसतं आणि वाक्य खोडून पुन्हा लिहिता येतं. तुमच्या वर्गातला किंवा घरातला मुलगा यातला कुठला, हे त्याच्या चार-पाच वह्या शांतपणे वाचल्या तर कळायला लागतं.

आज इथेच थांबते. आता आपण प्रश्न घेऊ.