पोटाच्या ऑपरेशननंतर साचणारे पाणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोटावरची सैल कातडी आणि चरबी काढण्याच्या ऑपरेशनसाठी, म्हणजे टमी टक किंवा लायपोसक्शनसाठी, यवतमाळ जिल्ह्यातून अनेकांना नागपूर गाठावे लागते. यवतमाळहून ते सुमारे 150 किलोमीटर. पुसद-उमरखेडहून आणखी लांब. घरी परतल्यावर काही दिवसांनी कातडीखाली पाणी डुचमळू लागते. डॉक्टर त्याला सेरोमा म्हणतात. सर्जन दूर आणि सल्ले देणारे जवळ, त्यामुळे नको ते उपाय होतात.

गैरसमज : पाणी साचले, म्हणजे ऑपरेशन बिघडले.
वस्तुस्थिती : टमी टकनंतर सर्वाधिक आढळणाऱ्या गुंतागुंतींपैकी ही एक. कातडी-चरबीचा थर स्नायूंवरून उचलताना बारीक लसीकावाहिन्या तुटतात. दोन थरांमधल्या पोकळीत पिवळसर, पातळ द्रव झिरपतो. वजन जास्त असल्यास धोका वाढतो.

गैरसमज : भात आणि आंबट खाल्ल्याने पाणी होते.
वस्तुस्थिती : या पाण्याचा भाताशी किंवा लिंबाशी संबंध नाही. उलट जखम भरायला वरण, अंडी, दूध यांतली प्रथिने आणि लिंबू-आवळ्यातले क जीवनसत्त्व लागते. पिण्याचे पाणी तोडूनही सेरोमा आटत नाही.

गैरसमज : शेकले, तेल लावून चोळले की पाणी जिरते.
वस्तुस्थिती : ऑपरेशननंतर पोटाची कातडी कित्येक महिने बधिर राहू शकते. चटका कळत नाही आणि गरम पिशवीने खोल भाजते. चोळल्याने चिकटू लागलेले थर पुन्हा सुटतात.

गैरसमज : पाणी बाहेर काढायला कातडीखाली ठेवलेली नळी काढण्याची तारीख आधीच ठरलेली असते.
वस्तुस्थिती : बहुतेक सर्जन दिवस मोजत नाहीत, पाणी मोजतात. 24 तासांत ते साधारण 30 मिलीच्या खाली आले की नळी काढतात. म्हणून रोजचे माप वहीत लिहा.

गैरसमज : सुईने पाणी कोणीही काढू शकतो.
वस्तुस्थिती : थोडे पाणी आपोआप शोषले जाते. जास्त असेल, तर सर्जन निर्जंतुक सुईने काढतात. काही दिवसांनी पुन्हा काढावे लागू शकते. अस्वच्छ सुईने त्याच पाण्याचा पू होतो. फार काळ दुर्लक्ष केल्यास भोवती जाड आवरण तयार होते, आणि ते काढायला पुन्हा ऑपरेशन लागते.

गैरसमज : उन्हाळ्यात पोटाला आवळून बांधायचा पट्टा नाही बांधला तरी चालते.
वस्तुस्थिती : पट्ट्यामुळे थर एकमेकांना टेकून राहतात. तो बहुधा 4 ते 6 आठवडे लागतो. मे महिन्यात घामाने अंगावर पुरळ येते, म्हणून दोन पट्टे घ्या, आत सुती बनियन घाला. पट्टा कधी सोडायचा, हे सर्जनला विचारा.

गैरसमज : सिगारेट वाईट, खर्रा चालतो.
वस्तुस्थिती : खर्ऱ्यातल्या तंबाखूचे निकोटिनही रक्तवाहिन्या आकुंचित करते. कातडीला रक्त कमी पडते, जखमेच्या कडा काळ्या पडतात. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान 4 आठवडे खर्रा बंदच हवा.

ताप, लाली, दुर्गंधी किंवा झपाट्याने वाढणारी सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एका पायाची पोटरी सुजली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. नागपूरची वाट न धरता 108 ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. आणि रुग्णालयातून सुट्टी घेण्यापूर्वीच सर्जनला विचारून ठेवा : गावी गेल्यावर पाणी साचले, तर फोन कोणाला करायचा आणि यवतमाळमध्ये कोणाला दाखवायचे?